पगार वाचवण्यासाठी बदललेलं कॅलेंडर, आणि आधुनिकतेच्या बाकी गोष्टी

कडूलिंब_ओसाका (धागालेखक)

परवा दुसऱ्या एका धाग्यावर "जपान आधुनिक झाला, मग आपण का नाही" या वळणाची चर्चा चालली होती. तिथे लिहायला बसलो तर प्रतिसाद फार लांबला, म्हणून वेगळा धागा काढतोय.

जपानच्या आधुनिकतेची सुरुवात सांगताना लोक रेल्वे, शाळा, नौदल यांची नावं घेतात. मी कॅलेंडरचं घेईन. मेइजी ५ मध्ये, म्हणजे १८७२ साली, अकराव्या महिन्यात सरकारने फर्मान काढलं: जुनं पंचांग बंद, बाराव्या महिन्याची ३ तारीख म्हणजेच १ जानेवारी १८७३. लोकांच्या हातात जेमतेम तीन आठवडे होते. पुढच्या वर्षाची पंचांगं छापून तयार होती, त्यांची रद्दी झाली. एवढी घाई कशासाठी? तर जुन्या हिशोबाने पुढच्या वर्षी अधिक महिना येत होता. सरकारी नोकरांना नुकताच दरमहा पगार सुरू झालेला, म्हणजे वर्षात तेरा पगार द्यावे लागणार, आणि तिजोरीत खडखडाट. नव्या कॅलेंडरने तेरावा महिना उडाला, शिवाय दोन दिवसांत संपलेला बारावा महिनाही बिनपगारी गेला. त्या वेळी सरकारात असलेल्या ओकुमा शिगेनोबूने हे कारण नंतर स्वतःच सांगून टाकलंय. फुकुझावा युकिची या विचारवंताने लगेच नवं कॅलेंडर समजावणारी पुस्तिका काढली, ती धडाधड खपली. त्यात विज्ञान होतं, पगाराचा विषय नव्हता.

याच्या आधीची गोष्ट मला जास्त आवडते. फ्रान्सिस झेवियर (आपल्या गोव्याचा, तिथूनच तो जपानला निघाला होता) याने १५५१ मध्ये यामागुचीच्या सरदाराला यांत्रिक घड्याळ भेट दिलं. जपानी कारागिरांनी युरोपी घड्याळ पाहिलं, उघडलं, शिकून घेतलं. पण त्यांचा दिवस २४ सारख्या तासांचा नव्हता. उजाडल्यापासून मावळेपर्यंत सहा भाग, रात्रीचे सहा. उन्हाळ्यात दिवसाचा भाग लांब, हिवाळ्यात आखूड. मग या लोकांनी काय करावं? वेळ बदलण्याऐवजी घड्याळ बदललं! काही घड्याळांत दिवसाच्या गतीचा एक आणि रात्रीच्या गतीचा एक असे दोन दांडे बसवले, काहींत तबकडीवरचे आकडे ऋतूप्रमाणे सरकवायची सोय केली. अडीचशे-तीनशे वर्षं हे चाललं. यंत्र पूर्ण आत्मसात, वेळ मात्र आपलीच. त्यांना मागास म्हणायचं की पुढारलेले?

१८७३ नंतर मात्र सगळं एकदम उलटं. नवं वर्ष सरळ १ जानेवारीला. चीन, कोरिया, व्हिएतनाम अजून चांद्र नववर्ष धूमधडाक्यात करतात, जपानमध्ये योकोहामाच्या चिनी वस्तीसारख्या जागा सोडल्या तर त्या दिवशी कुणाला सुट्टीही नसते. सणांच्या तारखा उचलून नव्या कॅलेंडरवर तशाच ठेवल्या, त्यामुळे गंमत झाली. तानाबाता हा ताऱ्यांच्या भेटीचा सण सातव्या महिन्याच्या सातव्या दिवशी, तो आता ७ जुलैला येतो, ऐन पावसाळ्यात. तारे कुठले दिसायला! सेंदाईवाले शहाणे, ते ऑगस्टमध्ये करतात. ओबोन (पितरांचा सण) बहुतेक जपानात ऑगस्टमध्ये असतो, तोक्योत बरेच जण जुलैत करतात.

आणि एवढं सगळं सोडून दिलेल्या देशात सरकारी फॉर्मवर साल लिहायचं ते सम्राटाच्या कारकिर्दीचं. २०२५ म्हणजे रेइवा ७. शोवा ६४ हे साल फक्त सात दिवसांचं होतं, कारण सम्राट हिरोहितो ७ जानेवारी १९८९ ला वारले. २०१९ मध्ये नवं नाव १ एप्रिलला जाहीर झालं आणि १ मेपासून लागू. मधल्या महिन्यात इथल्या सॉफ्टवेअरवाल्यांची काय धावपळ झाली ते मी जवळून पाहिलंय. युनिकोडमध्ये (संगणकावरच्या अक्षरांची जागतिक यादी) त्या नावाच्या जोडचिन्हासाठी एक जागा आधीच राखून ठेवली होती.

माझं म्हणणं इतकंच की आधुनिकता कुठल्याच समाजात अख्खी उतरली नाही. कुठला वेळ सरकारला द्यायचा आणि कुठला घरी ठेवायचा, हे प्रत्येकाने आपापलं ठरवलं. आणि ठरवताना तत्त्वज्ञानापेक्षा तिजोरी, वेळापत्रक आणि हट्ट यांचाच हात जास्त होता. तुमच्याकडची उदाहरणं लिहा.

---

भरली_वांगी

अधिक महिन्यात जावयापायी सासऱ्याला खर्च पडतो हे ठाऊक होतं. सरकारलाही पडतो हे आज कळलं. तेहतीस अनारशांवर भागवायचं होतं ना. (हलकेच घ्या.)

---

उपरणे

धागा रोचक आहे. पण "जुनं पंचांग विरुद्ध आधुनिक कॅलेंडर" अशी जोडी लावली की आपल्याकडची खरी गोष्ट निसटते. इथे भांडण पंचांगाच्या आतच झालं.

महाराष्ट्रात शतकानुशतकं पंचांगाचं गणित मुख्यतः ग्रहलाघवावरून होत असे. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांचा हा सोळाव्या शतकातला ग्रंथ, गणित सोपं म्हणून लोकप्रिय. पण काळाबरोबर गणितातले ग्रह आणि आकाशातले ग्रह यांचा मेळ सुटत गेला. १८६५ च्या सुमारास केरोपंत छत्र्यांनी इंग्रजी नाविक पंचांगाच्या आधाराने नवं पंचांग सुरू केलं, आबासाहेब पटवर्धनांनी पाठबळ दिलं, म्हणून ते पटवर्धनी. पुढे व्यंकटेश बापूजी केतकरांनी स्वतंत्र गणित उभं केलं. टिळकही पंचांगसुधारणेच्या परिषदांत होते. या मंडळींचं म्हणणं साधं होतं: पंचांगात लिहिलंय ते दुर्बिणीतून दिसलं पाहिजे. म्हणजे एकादशी सोडायची नाही, पण एकादशी कधी ते ग्रीनिचच्या वेधांवरून ठरवायचं. याला परंपरा म्हणणार की आधुनिकता?

बरं, सुधारकांतही एकमत झालं नाही. राशिचक्राचा आरंभ कुठून धरायचा, रेवती ताऱ्यापाशी की चित्रा ताऱ्यासमोर, यावर पक्ष पडले. दोन्हींत साधारण चार अंशांचा फरक. त्यामुळे रेवती धरणारं टिळक पंचांग मानणाऱ्यांची संक्रांत चारएक दिवस आधी येते, आणि कधीकधी अधिक महिनाच वेगळा पडतो. रत्नागिरीकडे काही घरांत गणपती बाकीच्यांच्या महिनाभर आधी बसतात ते यामुळे. शंभर वर्षांपूर्वीच्या आधुनिकांचा वाद आज "आमच्या घरची रीत" म्हणून पाळला जातोय.

---

मावळतीचा_प्रवासी

+१ उपरणे. आणि स्वातंत्र्यानंतरचं टोकही सांगा ना. शास्त्रज्ञ मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, सगळा अभ्यास झाला, २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय शक कॅलेंडर लागू. वर्षाची सुरुवात विषुवदिनाशी बांधलेली, हिशोब स्वच्छ. शास्त्रीयदृष्ट्या इतकं नीटनेटकं कॅलेंडर जगात थोड्यांकडे असेल. वापरतं कोण? राजपत्र आणि आकाशवाणी. तिथीवाले तिथी बघतात, तारखेवाले तारीख.

---

ठाम_मत

कॅलेंडर, घड्याळ हे सगळं वरवरचं आहे हो. आधुनिकता म्हणजे कायद्यापुढे समता, बाईला मत, जातीपलीकडे माणूस. सौदी अरेबियाने २०१६ च्या ऑक्टोबरपासून सरकारी पगार हिजरीऐवजी इंग्रजी महिन्यांनी द्यायला सुरुवात केली. (तुमच्या ओकुमासाहेबांचंच गणित: हिजरी वर्ष अकराएक दिवसांनी लहान, म्हणजे तेवढे पगाराचे दिवस वाचले.) पण बाईला गाडी चालवायची परवानगी मिळाली जून २०१८ मध्ये. म्हणजे २०१६ ते २०१८ या काळात तो देश कॅलेंडरने आधुनिक आणि रस्त्यावर मध्ययुगीन होता का? ही चर्चा संस्कृतीचं कौतुक करत करत "प्रत्येकाची आपापली आधुनिकता" इथे पोचते, आणि मग कुणीही उठतो नि म्हणतो, आमच्या आधुनिकतेत बायका घरीच असतात.

---

कडूलिंब_ओसाका

ठाम_मत, धोका खरा आहे, नाकारत नाही. पण तुमची मोजपट्टी लावली तरी रांग सरळ लागत नाही. तुर्कस्तानने १९२५ मध्ये हॅट घालण्याचा कायदा केला, १ जानेवारी १९२६ पासून कॅलेंडर आणि २४ तासांचं घड्याळ आणलं (आधी सूर्यास्ताला बारा वाजत, म्हणून खिशातलं घड्याळ रोज लावावं लागे), १९२८ मध्ये लिपी बदलली. आणि १९३४ मध्ये बायकांना संसदेसाठी मत दिलं. फ्रान्सने दिलं १९४४ ला. स्वित्झर्लंडने, म्हणजे जगाला घड्याळं पुरवणाऱ्या देशाने, १९७१ ला. त्यातही अपेन्झेल इनररोडन या परगण्यात स्थानिक मतदानासाठी १९९० पर्यंत थांबावं लागलं, तेही कोर्टाने सांगितलं म्हणून.

म्हणून "आपापली आधुनिकता" म्हणजे "काहीही चालेल" असं नाही. मला फक्त एवढंच दिसतं की एक गोष्ट आली म्हणजे दुसरी आपोआप मागून येते, हा भरवसा इतिहासात टिकत नाही. तुर्कस्तानातही हॅट घालायला नकार देणाऱ्यांना शिक्षा झाल्या, त्यात फाशीसुद्धा. त्या लोकांना समता पोचली का?

---

खाडीपलीकडचा

दुबईहून. इथलं एक ताजं उदाहरण. मी आलो तेव्हा शुक्रवार-शनिवार सुट्टी होती. रविवारी सकाळी ऑफिसला जाताना आईचा फोन यायचा, "रविवारचा कसला रे कामावर?" त्याहून जुने लोक गुरुवार-शुक्रवारच्या आठवणी सांगतात. २०२२ च्या जानेवारीपासून सरकारी सुट्टी शनिवार-रविवार आणि शुक्रवारी अर्धा दिवस. शारजाने शुक्रवार, शनिवार, रविवार असे तिन्ही दिवस घेतले, त्यामुळे दुबईत नोकरी आणि शारजात मुलांची शाळा असणाऱ्यांचं जे काही होतं ते विचारू नका.

मला विशेष वाटलं ते पुढचं. जुम्म्याची नमाज दुपारी सूर्य ढळल्यावर, म्हणजे वेळ ऋतूप्रमाणे मागेपुढे व्हायची. २०२२ मध्ये ती देशभर सव्वा वाजता अशी बांधून टाकली (२०२६ पासून पाऊण वाजता). अर्ध्या दिवसाचं ऑफिस बारा वाजता सुटणार, मग मशिदीत पोचायला वेळ हवा. आठवडा लंडन-न्यूयॉर्कशी जुळवला, पण शुक्रवार सोडला नाही, त्याची फक्त घड्याळाशी तडजोड केली. इथल्या माझ्या अमिराती सहकाऱ्याला यात विसंगती वाटत नाही. तो म्हणतो, नमाज होतेय, धंदाही होतोय. विसंगती बाहेरून बघणाऱ्याला दिसते.

---

गिरणगावकर_तिसरी_पिढी

मुंबईचं कुणीच कसं सांगितलं नाही?

१ जानेवारी १९०६ पासून सरकारने भारतीय प्रमाणवेळ आणली. मुंबईची स्वतःची वेळ ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे होती, नवी साडेपाच तास. फरक ३९ मिनिटांचा. ऐकायला किरकोळ वाटतं. पण गिरणीतल्या माणसाला घड्याळात तीच वेळ म्हणजे उजाडायच्या आणखी आधी उठणं. गिरणी कामगारांनी विरोध केला. महापालिकेतही वाद पेटला आणि पालिकेने आपल्या घड्याळांवर मुंबईची वेळच ठेवली. ती किती वर्षं? १९५५ पर्यंत! म्हणजे स्वातंत्र्य मिळून आठ वर्षं झाली तरी स्टेशनावर एक वेळ आणि पालिकेच्या घड्याळावर दुसरी. कलकत्त्यानेही स्वतःची वेळ १९४८ पर्यंत धरून ठेवली होती. त्याआधी १८८१ मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांनी मद्रास वेळ लादायचा प्रयत्न केला, तोही मुंबईने फार दिवस चालू दिला नाही.

आता यात आधुनिक कोण? विरोध करणारे देशातल्या सर्वांत आधुनिक शहराचे लोक होते. वाफेवर चालणाऱ्या यंत्रांपुढे उभे राहणारे कामगार, इंग्रजीत भाषणं करणारे नगरसेवक. त्यांचं भांडण घड्याळाशी नव्हतं. घड्याळ लावणारा हात कोणाचा, यावर होतं. बंगालच्या फाळणीला तेव्हा काहीच महिने झाले होते, हेही लक्षात घ्या. सरकारचं काहीच गोड लागायचे दिवस नव्हते ते.

अवांतर: याच मुंबईत पारशांची शहेनशाही, कदमी आणि फसली अशी तीन कॅलेंडरं. शहरातला सर्वांत पुढारलेला म्हणून मिरवणारा समाज, आणि नवरोज तीन.

---

नऊ_वीसची_लोकल

गिरणगावकर, जबरी माहिती. वाचनखूण साठवली.

---

मुगुट_सेऊल

कोरियाचं थोडक्यात. इथे १८९६ लाच नवं कॅलेंडर आलं, पुढे जपानी राजवटीत चांद्र नववर्ष दडपलं गेलं. स्वातंत्र्यानंतरही सरकारला "दोन-दोन नववर्षं" उधळपट्टी वाटायची. लोक ऐकेनात. १९८५ मध्ये कशीबशी एक दिवस सुट्टी दिली, तीही "लोकपरंपरेचा दिवस" अशा आडवळणाच्या नावाने. १९८९ मध्ये खरं नाव आणि तीन दिवसांची सुट्टी परत मिळाली. म्हणजे ज्या दशकात कोरिया ऑलिंपिक भरवत होता आणि लोकशाहीकडे वळत होता, त्याच दशकात जुना सण परत आला. धागालेखकाच्या जपानशी ताडून बघा.

वयाचंही तसंच. पूर्वी मूल जन्मतःच एक वर्षाचं आणि १ जानेवारीला सगळे एकदम एक वर्षाने मोठे. ३१ डिसेंबरला जन्मलेलं बाळ दुसऱ्या दिवशी दोन वर्षांचं! जून २०२३ मध्ये कायद्याने कागदोपत्री आंतरराष्ट्रीय वय पक्कं केलं. घरात आजीला विचाराल तर ती अजून जुनंच सांगते.

---

ठाम_मत

दुसऱ्या टोकाचं उदाहरण द्यायचं तर सोव्हिएत रशिया. १९२९ मध्ये त्यांनी सात दिवसांचा आठवडाच मोडला. पाच दिवसांचं चक्र, कामगारांचे पाच गट, प्रत्येक गटाला एक रंग, ज्याचा जो रंग त्याची त्या दिवशी सुट्टी. हेतू हा की कारखाना एकही दिवस बंद राहू नये, आणि रविवार म्हणजे चर्चही निकालात निघावं. निव्वळ तर्काने बघाल तर याहून आधुनिक काय असेल? प्रत्यक्षात नवरा पिवळा, बायको लाल, आणि दोघांची सुट्टी कधी एका दिवशी नाही. यंत्रांची जबाबदारी घ्यायला कुणी नाही. १९३१ मध्ये सहा दिवसांचं चक्र आणलं, १९४० मध्ये गपचूप सात दिवस आणि रविवार परत. फ्रेंच क्रांतीवाल्यांचा दहा दिवसांचा आठवडाही असाच आपटला होता.

म्हणजे "सरकार ठरवेल ती आधुनिकता" यालाही माझा विरोध आहे, हे नोंदवून ठेवतो.

---

पाटावरवंटा

सगळे प्रतिसाद वाचले. सम्राट, गव्हर्नर, समित्या, परगणे सगळे आले. दोन कॅलेंडरं चालवायचं काम कोण करतं ते कुणीच लिहिलं नाही.

आमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं असतं. १९७३ पासून महाराष्ट्राच्या भिंतीवर आहे ते. एकाच चौकोनात तारीख, तिथी, नक्षत्र, आणि माझ्या हातचं पेनाने लिहिलेलं "दूध १ जास्त", "गॅस लावला", "युनिट टेस्ट". सासूबाईंची संकष्टी मी लक्षात ठेवायची, चंद्रोदय किती वाजता ते मी बघायचं, आणि दुसऱ्या दिवशी साडेसातची स्कूल बसही माझीच. नवऱ्याला एकच कॅलेंडर पुरतं, ऑफिसचं. तो आधुनिक आहे. मी दोन्हीकडे आहे, म्हणून मला पारंपरिक म्हणतात.

धागालेखक म्हणतात, कुठला वेळ सरकारला द्यायचा आणि कुठला घरी ठेवायचा हे समाजाने ठरवलं. बरोबर. पण घरी ठेवलेला वेळ आपोआप पाळला जात नाही, कुणीतरी उपास करतं, कुणीतरी पुरण वाटतं. मुगुट_सेऊल, तुमच्याकडे चांद्र नववर्ष परत आलं तेव्हा तीन दिवसांचा स्वयंपाक कुणाच्या वाट्याला आला?

---

मुगुट_सेऊल

पाटावरवंटा ताई, सुनांच्या. सणाच्या सुट्टीत बायकांना होणाऱ्या त्रासाला इथे चक्क "सणाचा आजार" म्हणतात, दर सणाला पेपरात लेख असतात. हल्ली काही घरं पूर्वजांपुढचं ताट बाहेरून मागवतात, काही जण सणालाच विमान पकडून परदेशी जातात.

---

उपरणे

ताई, मुद्दा मान्य. पंचांगसुधारणेच्या त्या सगळ्या परिषदांत रेवती-चित्रेवर तास न् तास वाद झाले. उपास करणाऱ्यांपैकी कुणी तिथे बसल्याचं माझ्या वाचनात नाही.

---

भरली_वांगी

कडूलिंब, एक शंका. तुमच्या ओसाकात गणपती कधी बसतो? चतुर्थीला तुम्हाला सुट्टी नसणार.

---

कडूलिंब_ओसाका

घरोघरी तिथीलाच, सकाळी ऑफिसच्या आधी. मंडळाचा कार्यक्रम जवळच्या शनिवार-रविवारी, कारण हॉल तेव्हाच मिळतो. हॉलच्या फॉर्मवर तारीख रेइवा सालात लिहावी लागते. आमच्यात एक कुटुंब टिळक पंचांगवालं आहे. ज्या वर्षी अधिक महिन्याचा घोळ होतो त्या वर्षी ते महिनाभर आधी बसवतात आणि नंतर आमच्याकडेही येतात. मोदक दोनदा होतात, कुणाची तक्रार नसते.

---

पाटावरवंटा

वळणाऱ्यांना विचारलंत?

---

कडूलिंब_ओसाका

वळतो मीच. उकड मात्र बायको काढते, ती मला अजून जमलेली नाही.